ताशी तीन

माझी मावशी कधीच खोटं बोलत नाही, असं मी म्हणणार नाही. नको असलेला पाहुणा दारात उभा राहिला, तर "अगदी वेळेवर आलात हो" असं हसून म्हणते आणि आत येऊन चहाचं भांडं आपटते. पण आकड्याच्या बाबतीत तिच्याइतकं कडक माणूस शोधून सापडणार नाही. भाजीवाला "किलोभर आहे, बाई" म्हणाला, की ही विचारते, "किलो आहे की किलोच्या आसपास?" तो बिचारा पुन्हा काट्यावर घालतो.

सहावी-सातवीच्या मुलांना गणित शिकवण्यात तिची सगळी नोकरी गेली. शाळेने तिला निरोप दिला, तिने गणिताला दिला नाही. थोड्याच दिवसांत तिच्या स्वयंपाकघरात संध्याकाळी पोरं येऊन बसायला लागली. साधे गुणाकार-भागाकार शिकायला कोणी येत नाही. येतात ती शाब्दिक उदाहरणांसाठी, त्यातही अवघड. पाढे घडाघडा म्हणणाऱ्या पोरांचं घोडं तिथेच पेंड खातं. आकडे नुसते असले की सोडवतात. आकड्यांच्या आजूबाजूला चार वाक्यं आली, की एकमेकांच्या वह्यांत डोकावतात.

ओट्याशेजारच्या कपाटाचं दार काळं रंगवून मावशीने त्याचा फळा केला आहे. साखरेचा डबा त्याच कपाटात. त्यामुळे चहा करायचा म्हणजे दार उघडायचं, दार उघडलं की उदाहरण भिंतीकडे तोंड करतं, आणि तेवढा वेळ सुट्टी. पोरांना हे कळायला वेळ लागला नाही. फार अडलं की कोणीतरी लाडात येऊन म्हणतं, "बाई, आज चहा नाही घेतलात?"

मी वरच्या मजल्यावर राहते, औषधांच्या दुकानात काम करते, आणि मावशीच्या हातून वाया गेलेली तिची एकमेव विद्यार्थिनी आहे. हे मी म्हणत नाही, तीच सांगते, तेही माझ्यासमोर. "सगळ्या गल्लीची पोरं तारली. सख्खी भाची मात्र पालथा घडा!" मला आता राग येत नाही. पालथ्या घड्याला एक सुख असतं, त्यात कोणी काही ओतायला येत नाही.

मावशीचं आणि पुस्तकातल्या उदाहरणांचं कधीच पटलं नाही. "एक व्यापारी म्हणे चारशे सफरचंदं घेतो. कोण हा व्यापारी? राहतो कुठे? ज्याला आपण ओळखत नाही त्याच्या सफरचंदांची काळजी पोरांनी का करावी?" म्हणून तिने नियम केला: माणूस खरा, आकडा खरा, आणि उत्तराखाली पडताळा. पडताळा म्हणजे आलेलं उत्तर उदाहरणात परत घालून बघायचं, सगळं जुळतं का ते. मावशीकडे तो वहीत करून भागत नाही. पोरं टेप घेऊन रस्त्यावर जातात.

माणसं खरी हवीत, आणि मावशीला खरी माणसं गल्लीतलीच ठाऊक. मग काय, सगळी गल्ली फळ्यावर आली. नळजोडणीवाल्याची टाकी आली: एक नळ ती तीन तासांत भरतो, दुसरा सहा तासांत, आणि तळाची गळती भरलेली टाकी चार तासांत रिकामी करते, तिन्ही चालू असतील तर टाकी किती वेळात भरेल? उत्तर चार तास. पण उत्तर येण्याआधी नळजोडणीवालेच आले.

"बाई, पोरं मला 'गळती काका' म्हणायला लागलीत. मी बसवलेली टाकी गळत नाही."

"गळती काढली तर उदाहरण पाचवीचं होतं," मावशी म्हणाली. "मला सहावीचं हवंय."

"तुमची सहावी राहू दे, माझा धंदा बसेल!"

शेवटी तडजोड झाली. टाकी नळवाल्यांचीच, पण तळाला भोक घरमालकाने खिळा ठोकून पाडलं. घरमालक परगावी राहतो, त्याला यातलं काहीच माहीत नाही. नळवाले इतके खूश झाले, की त्यांनी आपली मुलगीच क्लासला घातली. ही मुलगी विचार करताना पेन्सिल चावते आणि सारखाच विचार करते, त्यामुळे तिची पेन्सिल कधी सरळ शेवटापर्यंत पोचत नाही. सगळे तिला पेन्सिलखाऊ म्हणतात. बेकरीवाल्याची गोष्ट वेगळी. तो स्वतःहून फळ्यावर यायला आला. मावशीने त्याला शेकडेवारीत घातलं, शेकडा किती बिस्किटं करपली त्यात. "मी करपू देत नाही," तो कळवळून म्हणाला. "मी परवाच खाल्लं," मावशी म्हणाली. विषय संपला.

पण फळ्यावरचं सगळ्यात जुनं आणि कायमचं माणूस म्हणजे काका, मावशीचे यजमान. ते वीज कंपनीत मीटर वाचायचे. काम पायी फिरायचं, पण घरोघरी मीटर वाचता वाचता माणसंही वाचायचे. कोणाचा दमा, कोणाची सून, कोणाचं मांजर, सगळ्याची चौकशी व्हायची आणि मग आकडा टिपला जायचा. मावशी तरातरा चालणारी, आणि हे असे. लग्न नवीन असताना दोघं फिरायला निघायची आणि मावशी एकटीच पोचायची. एकदा तिने घड्याळ लावून दोघांचा वेग काढला. तिचा ताशी पाच किलोमीटर, काकांचा ताशी तीन. त्या दिवसापासून वर्गात कोणी हळू चालणारं लागलं, की तिथे काका.

"काका घरातून ताशी तीनच्या वेगाने निघाले. अर्ध्या तासाने बाई ताशी पाचने निघाल्या. त्या काकांना घरापासून किती अंतरावर गाठतील?"

"पावणेचार किलोमीटर!" पोरं ओरडायची.

"गाठतील," काका बाहेरच्या खोलीतून म्हणायचे, "आणि तशाच पुढे जातील. तेही लिहा."

पोरांनी त्यांचं नाव ताशी तीन ठेवलं. ती मोठी झाली, त्यांची पोरं आली, नाव तेच. काकांना त्याचा अभिमानच होता. वीज कंपनीतल्या साहेबांना किती पोरं नावाने ओळखतात, असं ते विचारायचे.

आणि मग काका घसरले. रस्त्यात नाही, आपल्याच जिन्यात, ओल्या पायरीवर. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हाड जुळलंही. डॉक्टर म्हणाले, "आमचं काम झालं. आता यांनी चाललं पाहिजे. खोलीतल्या खोलीत नाही, बाहेर, रोज. हे आठवडे गेले की पाय चालणं सोडून देतील, मग मी काही करू शकणार नाही." मी दुकानातून वॉकर आणला. काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांच्या जागेवर दुसरा माणूस आणून बसवला.

खोलीत, दार लावून, ते थोडं चालायचे. बाहेर पडायचं नाव नाही. "हा चार पायांचा सांगाडा घेऊन रस्त्यावर जाऊ? ज्या दारांत मी उभा राहून गप्पा मारल्या, त्या दारांतून लोक माझी कीव करणार? मीटर बंद पडलाय गं. बंद मीटरचं काय करतात, मला माहीत आहे. काढून नेतात."

मावशीने समजावलं, ती रागावली, एकदा वॉकर त्यांच्यासमोर आपटून झाला. मी लाडीगोडी लावली, नळवाले येऊन गेले, बेकरीवाला न करपलेली बिस्किटं घेऊन आला. काकांनी बिस्किटं खाल्ली आणि भिंतीकडे तोंड केलं. खरं सांगते, मला तेव्हा फार भीती वाटायची. दुकानात असे चालणं सोडलेले पुष्कळ येतात. म्हणजे ते येत नाहीत, त्यांची औषधं न्यायला दुसरं कोणीतरी येतं.

त्याच सुमारास फळ्यावर एक उदाहरण आलं: "एक माणूस ताशी तीनच्या वेगाने..."

"बाई, एक माणूस म्हणजे कोण?" पेन्सिलखाऊने विचारलं.

"कोणीही."

"राहतो कुठे?"

"सोडव आधी!" मावशी खेकसली.

मी तेव्हा काकांच्या गोळ्या काढून देत होते. काकांनी माझा हात धरला. "ऐकलंस? तुझ्या मावशीने मला काढलं." मी हसण्यावारी न्यायला गेले, तर त्यांचे डोळे भरलेले. मी खाली मान घालून गोळ्या पुन्हा मोजल्या.

पोरं गेल्यावर मी मावशीला सांगितलं. ती फडक्याने फळा पुसत होती, पुसलेलाच पुसत होती. "मग काय करू? त्यांचा आकडा नाही माझ्याकडे. जुना घालू? खोटा?" मी म्हटलं, घाल की, आकडाच तर आहे. तिने माझ्याकडे पालथ्या घड्याकडे पाहावं तसं पाहिलं.

पण दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलेलं होतं: "काका ताशी तीनच्या वेगाने बेकरीकडे निघाले." मोठ्या अक्षरांत, आणि मावशीने वाचलंही मोठ्याने, बाहेरच्या खोलीत ऐकू जाईल असं. तिने जन्मात पहिल्यांदा खोटा आकडा लिहिला होता, आणि तो लिहिताना खडू दोनदा तुटला.

सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि सोडवायला लागले. पेन्सिलखाऊ तेवढी बसून राहिली.

"काय झालं?"

"बाई, पडताळा नाही होत."

"अजून उत्तरच काढलं नाहीस!"

"उत्तर येतंय. बेकरी शंभर मीटर, म्हणजे दोन मिनिटं. पण पडताळा कसा करू? काका चालतच नाहीत ना."

मुलगी वाईट हेतूने बोलली नव्हती. तिला जे शिकवलं होतं तेच ती करत होती. मावशीने फळ्याकडे पाहिलं आणि मग पाठ वळवून ओट्याशी उभी राहिली. "बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "आकडा चुकलाय माझा. खोडा सगळ्यांनी."

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून खट आवाज आला. मग पाय घासल्याचा, मग परत खट. काका वॉकर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले. घरातलाच पायजमा, केस विस्कटलेले, चेहरा लालबुंद. पोरांपुढे ते पहिल्यांदाच असे उभे राहत होते.

"खोडायचं काही कारण नाही," ते म्हणाले. "आकडा बदला. चला, कोण घड्याळ लावतंय?"

आणि निघाले. पोरांची वरात मागे, मावशी घड्याळ घेऊन बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, पडले तर धरायला. इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी केली आणि दारात आला. लोक बघत होते, अगदी काकांना नको होतं तसंच. पण कीव करायला कोणाला फुरसतच मिळाली नाही, कारण पेन्सिलखाऊ सगळ्यांना ओरडून सांगत होती, "बाजूला व्हा, आकडा काढायचाय!" बेकरीवाला स्टूल घेऊन धावत आला, तर तिने त्यालाही दटावलं. "आधी बसले तर वेळ मोडेल!"

बेकरीच्या पायरीला वॉकर टेकला आणि मावशीने घड्याळ पाहिलं. "बारा मिनिटं."

पोरांनी तिथेच फरशीवर खडूने मांडलं. बारा मिनिटांत शंभर मीटर, तर तासात पाचशे. "ताशी अर्धा!" एकच गलका झाला. काका स्टुलावर बसून धापा टाकत होते. त्यांनी शर्यत जिंकल्यासारखा एक हात वर केला. मावशी म्हणाली, "एवढं काही मिरवायला नको," आणि पदराने त्यांचा घाम पुसला. भर रस्त्यात, तिने.

नाव त्याच दिवशी बदललं. "ताशी अर्धा काका आहेत का?" म्हणून पोरं हाक मारायला यायची आणि त्यांना घेऊन जायची. मग ताशी पाऊण झाले. वॉकर सुटला, काठी आली, आणि ताशी एक झाले. तिथे मात्र गाडी अडली. काका म्हणाले, एक पुरे, एक हा चांगला आकडा आहे.

आता ती दोघं रोज संध्याकाळी क्लासच्या आधी पुलापर्यंत जायला लागली. जायला लागली म्हणजे कशी? मावशी सुटली की थेट पूल. तिथे पोचून बघते तर काका अजून मागेच. मग तरातरा परत. "अहो, नीट टाका पाय!" एवढं सांगून पुन्हा पूल. पुन्हा परत. "बूट घट्ट बांधलाय ना?" पुन्हा पूल. हळू चालणं तिला येतच नाही, आणि एका जागी उभं राहणं त्याहून नाही. मी दुकानातून हे बघायची आणि गिऱ्हाईकांना चुकीचे सुटे पैसे द्यायची.

"बघ, अजूनही मला मागे टाकून जाते," काका मला सांगायचे. "हाड मोडलं, पण हिची सवय मोडली नाही."

एक दिवस मावशीने तेच उदाहरण करून फळ्यावर घातलं. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. तिला एक झकास अवघड उदाहरण सापडलं होतं, इतकंच. पूल घरापासून एक किलोमीटरहून जरासा लांब निघाला, त्यामुळे उदाहरणातली दोघं इस्त्रीवाल्याच्या दारातून निघतात, तिथून बरोबर एक किलोमीटर भरतं. "काका ताशी एक, बाई ताशी पाच. बाई पुलापर्यंत जातात, लगेच वळून काकांकडे येतात, पुन्हा पुलाकडे जातात, असं काका पुलावर पोचेपर्यंत चालू. तर बाई एकूण किती चालल्या?"

पोरांच्या नाकी नऊ आले. पहिली फेरी जमली, दुसरीला अपूर्णांक आले, तिसरीला अपूर्णांकांचे अपूर्णांक. काका पुलापासून वीतभरावर आले तरी बाई फेऱ्या मारतच होत्या. दोन जणांनी चहाची आठवण काढली. मावशीने साखरेकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बाई," पेन्सिलखाऊ तोंडातली पेन्सिल काढून म्हणाली, "फेऱ्या मोजायच्याच नाहीत."

"मग?"

"काकांना पुलापर्यंत एक तास लागतो. बाई कुठे थांबतच नाहीत. म्हणजे बाई पण एक तास चालतात. ताशी पाच. पाच किलोमीटर."

"शाब्बास!" मावशीने ओट्यावर थाप मारली. इतकी खूश मी तिला क्वचित पाहिली आहे. माझ्या उत्तराला तर तिने अशी थाप कधीच मारली नाही, पण ते असो.

काका दारात येऊन उभे होते. चहाची वेळ झाली म्हणून आले असावेत. "किती आलं उत्तर?"

"पाच!" पोरं म्हणाली.

"मी किती चाललो?"

"एक."

"आणि ह्या पाच?"

"हो. पडताळा पण केला."

काकांनी मावशीकडे पाहिलं. ती उत्तराखाली रेघ मारत होती, पट्टीने, सरळ. आपण काय सिद्ध केलं आहे याचा तिला पत्ताच नव्हता. काका काहीतरी बोलतील असं वाटलं, नेहमीसारखं टोमण्याचं. पण काठीवर दोन्ही हात ठेवून ते ती रेघ पुरी होईपर्यंत बघत राहिले. मला चहाचं भांडं घासायचं एकदम आठवलं.

पोरं निघाली तेव्हा काकांनी पेन्सिलखाऊला जिन्यात थांबवलं. मी वर चालले होते, म्हणून ऐकलं.

"मी ताशी सव्वा झालो, तर बाईंचं किती होईल?"

तिने पेन्सिल दाताखाली धरली. "तुम्हाला अठ्ठेचाळीस मिनिटं. म्हणजे बाईंचे चार किलोमीटर."

"म्हणजे एक वाचला."

"हो."

"बरं. घरी जा आता, आणि आत सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दुकानाच्या दारात उभी होते. काका चालले होते ओठ घट्ट मिटून. काठी रोजच्यापेक्षा भराभर वाजत होती. पुलाकडून मावशी परत आली आणि त्यांना तिथे बघून जागच्या जागी थबकली. रोजच्यापेक्षा ते पुष्कळ पुढे आले होते.

"अहो! धावताय काय असे? पडाल!"

"तुम्ही आपलं चालत राहा, बाई," काका धापा टाकत म्हणाले. "तुमचा एक किलोमीटर कमी करतोय."